पोट साफ झाल्यावर

सिनेमागृहाच्या तिकीटखिडकीत बसणाऱ्या बाईंना सगळे तिकीटताईच म्हणत. समोर जाड काच, तिला खाली हात जाईल एवढी फट. त्या फटीतून दिवसभर कानावर यायचं ते एवढंच, "कोपऱ्यातल्या दोन द्या", "मागची रांग मिळेल का?" गल्ला सोडून उठायचं नाही, हा मॅनेजरचा दंडक. म्हणून ताई पाणीच बेताने पीत आणि पोटात कळ आली तरी दाबून धरत. दुपारी गार पाव नि चहा, रात्रीही तेच. आई होती तोवर घरात रोज स्वयंपाक व्हायचा. ती गेली आणि भांडी माळ्यावर गेली. एकटीसाठी कुठे एवढा घाट घालायचा?

पोट तर कित्येक वर्षांपासून जड होतं. गोळ्या घेऊन घेऊन ते इतकं निर्ढावलं, की आता गोळीलाही दाद देईना. शेवटी त्यांनी मागच्या गल्लीतल्या वैद्यबाईंचा दवाखाना गाठला.

वैद्यबाई वयाने लहानच होत्या. त्यांनी नाडी पाहिली, जीभ पाहिली आणि एकेक विचारत गेल्या. सकाळी उठून काय पिता? जेवण गरम असतं का? झोप लागते? जेवताना सोबत कोण असतं?

"कोणी नाही," ताई म्हणाल्या. मग कितीतरी वेळ त्याच बोलत राहिल्या. पोटाबद्दल, आईबद्दल, पुन्हा पोटाबद्दल.

"कळ आली की उठायचं," वैद्यबाई म्हणाल्या. "रांग थांबेल. पोटाला थांबवलं की ते रुसून बसतं."

"मॅनेजर ओरडतील हो."

"ओरडू देत. त्यांना सांगा, वैद्यांनी बजावलंय."

पथ्य साधंच होतं. उठल्यावर कोमट पाणी, मग रोज ठरल्या वेळी जाऊन बसायचं, कुंथायचं नाही. ताजं, मऊ, गरम जेवण, त्यावर चमचाभर तूप. रात्री भिजवलेल्या मनुका सकाळी चावून खायच्या. जेवण झालं की थोडं चालायचं.

ताईंनी माळ्यावरची भांडी उतरवली. मॅनेजरने कपाळाला आठ्या घातल्या, पण ताई उठल्या की तो खिडकीत बसायला दारावरच्या माणसाला पाठवू लागला. आधी काहीच फरक पडेना. मग हळूहळू पोट हलकं व्हायला लागलं. ताई आठवड्याला दवाखान्यात जात. त्या दिवशी कपडे इस्त्रीचे असत.

एकदा वैद्यबाईंनी विचारलं, "आता कसं आहे?"

"त्रास आहेच की," ताई म्हणाल्या.

वैद्यबाईंनी जीभ पाहिली, पोट दाबून पाहिलं. "पोट मऊ आहे ताई. जीभही स्वच्छ."

ताई खाली मान घालून बसल्या. "खोटं बोलले," त्या हळूच म्हणाल्या. "बरी झाले म्हटलं तर यायचं बंद होईल. इथे कोणीतरी विचारतं."

वैद्यबाईंनी दाराकडे पाहिलं. बाहेर बाकावर माणसं ताटकळली होती. "त्यावर माझ्याकडे औषध नाही," त्या म्हणाल्या. आवाजात चिडणं नव्हतं. "पथ्य सोडू नका. काही वाटलं तर या."

ताईंनी पिशवी खांद्याला लावली आणि घरी आल्या. भाजी चिरता चिरता त्यांनी भावाला फोन लावला.

"दादा, माझं पोट बरं झालं."

"वा, छान झालं की. ऐक ना, जेवायला बसलोय, तुझी वहिनी वाढतेय. नंतर बोलू?"

"जेव, जेव."

मग त्याही जेवल्या, गरम गरम, सावकाश चावून. जेवण झाल्यावर इमारतीला फेरी मारून आल्या. पहिल्या मजल्यावरच्या बाईंनी मान हलवली, यांनीही हलवली. त्याहून जास्त काही बोलणं झालं नाही.

सकाळी कोमट पाणी पोटात जातं न जातं तोच कळ आली आणि बिनतक्रार, बिनखटपट सगळं मोकळं झालं. इतकं हलकं त्यांना कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं. हात धुऊन त्या आनंदाने बाहेर आल्या आणि खोलीच्या मधोमध थबकल्या. इतकी मोठी गोष्ट झाली होती, आणि सांगायची म्हटलं तरी ती अशी, की आईशिवाय कुणाला सांगता आली नसती.

जरा वेळ तशाच उभ्या राहून त्यांनी पोळ्यांची कणीक मळायला घेतली.