पाचवा तुकडा

पहाटे पाच चाळीसला धूमकेतूचा गाभा फुटलेला दिसला. आठ वाजता वेधशाळेचं पत्रक निघालं : चार तुकडे, चारही पृथ्वीपासून सुरक्षित अंतरावरून जातील. खाली प्रमुखांची सही. धूमकेतू दोन वर्षांपूर्वी त्यांनीच शोधलेला, त्यामुळे सहीला वजन होतं.

दुपारी त्यांची सून तीच छायाचित्रं पुन्हा तपासत बसली. तीही याच वेधशाळेत खगोलशास्त्रज्ञ. घरी ते ‘बाबा’, इथे ‘सर’. हा नियम तिनेच घातलेला, आणि मोडायची तीच.

धूमकेतू सरकत असतो. म्हणून छायाचित्रं एकावर एक ठेवताना प्रत्येक चित्र त्याच्या वेगाइतकं सरकवतात. धूमकेतू ठिपका राहतो, ताऱ्यांच्या रेघा होतात आणि संगणक त्या पुसून टाकतो. रोजचीच पद्धत. तिने आज वेग वाढवून पाहिला. चारही तुकडे विस्कटले आणि त्यांच्यापासून बरंच दूर एक नवाच ठिपका उमटला. पहाटे त्याचीही रेघ झाली होती, आणि तारा समजून पुसली गेली होती.

“बाबा, पाचवा आहे.”

“सर.”

“सर, पाचवा आहे.”

प्रमुखांनी चष्मा कपाळावर चढवला. “वाटेत लघुग्रह आला असेल एखादा. त्यांना काय तोटा?”

“लघुग्रहाला शेपूट?”

त्यांनी पडद्याला जवळजवळ नाक लावलं. शेपूट होतं. पुसट, पण होतं.

“हा आजचा नव्हे,” ते म्हणाले. “केव्हाच सुटलाय.”

“आणि भराभर सरकतोय. म्हणजे बाकीच्यांपेक्षा आपल्या जवळ असणार.”

“आपल्यावर येतोय?”

“एका पहाटेच्या चित्रांवरून ‘नाही’ म्हणता येत नाही. ‘हो’ही म्हणता येत नाही.”

“मग चार वाजता पत्रकारांना काय सांगू? सुनेने वेग बदलला आणि आभाळ कोसळलं?”

“ ‘सुरक्षित’ शब्द मागे घेतो, एवढंच सांगा.”

“दोन वर्षं घसा कोरडा करून सांगतोय, घाबरू नका. आता एका ठिपक्यापायी तोंडघशी पडू?”

“आज पडलात तर तुम्ही पडाल. उद्या पडलात तर सगळी वेधशाळा घेऊन पडाल.”

“घरी एवढं बोलत नाहीस.”

“घरी आई मला बोलू देतात कुठे?”

ते हसले नाहीत. तिला खुर्चीतून उठवून त्यांनी स्वतः सगळी चित्रं नव्याने रचली. आधी तिच्या वेगाने, मग थोड्या कमी, मग थोड्या जास्त. ठिपका तिच्याच वेगाला नेमका गोळा होत होता. त्यांनी खुर्ची मागे ढकलली आणि दाराकडे जाताना म्हणाले, “दुसऱ्या गोलार्धातल्या वेधशाळेला कळव. त्यांच्याकडे अजून रात्र आहे.”

चार वाजता त्यांनी पत्रक मागे घेतलं. तुकडे पाच, पाचव्याचा मार्ग माहीत नाही, चूक माझी, असं ते म्हणाले. धोका किती, या प्रश्नाला त्यांनी तीनदा एकच उत्तर दिलं : माहीत नाही. तासाभरात वेधशाळेचे सगळे फोन अडकून पडले.

संध्याकाळी दुसऱ्या गोलार्धातून निरोप आला. तिकडे ढग होते. मधल्या फटीतून जेमतेम सहा चित्रं मिळाली. तुकडा सुनेने सांगितलेल्या जागीच होता. अंतर काढायला सहा चित्रं पुरली नाहीत. मात्र तो पहाटेपेक्षा दुप्पट तेजस्वी झाला होता. जवळ येत असल्यामुळे, की तोही फुटत असल्यामुळे, हे अजून सांगता आलेलं नाही.