अंगठ्याचा सांधा

भिवराबाईंनी पदराआडून कापडाची गुंडाळी काढून टेबलावर ठेवली. आत त्यांचा प्लॅस्टिकचा हात होता. त्याचा अंगठा बुडापासून तुटलेला.

"म्याच जोरात धरलं असंल, म्याडम," त्या म्हणाल्या. "कालवणाचं पातेलं उतरवीत व्हते. आंगठा कटकन तुटला. समदं कालवण नातीच्या पायावर सांडलं."

वनमालाने विचारलं, "किती भाजलं?"

"घोट्यापस्तोर. चार वर्साची हाय ओ. सून आता तिला माज्याजवळ येऊ देत न्हाई."

"असं होतं कधी कधी, मावशी," वनमाला म्हणाली. "जड वस्तू धरायची नाही. दुसरा करून देते."

भिवराबाईंनी मान हलवली, जणू चूक कबूल केली, आणि सिरसाळ्याच्या गाडीसाठी निघून गेल्या.

वनमालाने तुटका अंगठा उजेडात धरला. तुटलेल्या जागी बारीक बारीक रेषा होत्या. त्या तिने आधीही पाहिल्या होत्या.

माजलगावच्या या छोट्या केंद्रात ती तीन वर्षं थ्रीडी प्रिंटरवर हात बनवत होती. कडबाकुट्टीत, उसाच्या चरकात बोटं गेलेली माणसं तिच्याकडे येत. प्रिंटरला प्लॅस्टिकची तार लागते, ती रिळावर गुंडाळलेली येते. रिळाचं भोक मोठं आणि ते ज्या दांड्यावर फिरायचं तो बारीक. त्यामुळे रीळ अडे, तार ताणली जाई, प्लॅस्टिक कमी उतरे आणि तेवढा थर कच्चा राही. अडल्याचा आवाज आला की वनमाला हातातलं काम टाकून रीळ बोटानं ढकलून देई.

भिवराबाईंचा अंगठा प्रिंटरवर निघत होता तेव्हा ती दुसऱ्या एकाच्या मनगटाचं माप घेत होती. परत येऊन पाहते तर बुडाशी रेषा. पुन्हा काढायचा तर तीन तास. बाहेर बाकावर भिवराबाई गाडी चुकेल म्हणून सारखं किती वाजले विचारत होत्या. वनमालाने रेषांत गोंद भरला, वरून रंग फिरवला.

आता तुटका हात ठेवून भिवराबाई गेल्यावर तिने प्रिंटर बंद केला आणि संगणकावर एक कडं काढायला घेतलं. रिळाच्या भोकात दोन्ही बाजूंनी बसेल असं, मधोमध रुपयाएवढं बेअरिंग. पहिलं कडं निवल्यावर आकसलं, बेअरिंग आत जाईना. दुसरं बसलं, पण रिळात खुळखुळू लागलं. तिसऱ्याला तिने बाहेरून उतार दिला, म्हणजे भोक लहान असो की मोठं, कडं आपोआप घट्ट बसेल. दुसऱ्या दिवशी दुपारी तिने रिळाला नुसता करंगळीचा धक्का दिला. ते आवाज न करता फिरतच राहिलं.

तिला आनंद व्हायला हवा होता. पण तिथेच खुर्चीत बसून ती मोजू लागली: दोन दिवस. एवढंच काम होतं. तीन वर्षं ती रीळ बोटानं ढकलत राहिली होती.

नवा हात तयार झाला. अंगठ्याला तिने पाण्यानं भरलेली बादली टांगून पाहिली. मग तो हात पेटीत घालून स्वतःच सिरसाळ्याला गेली.

भिवराबाई ओसरीवर एकट्याच शेंगा फोडत होत्या. "तुमी कावून तरास घेतला?" म्हणत त्या उठल्या.

"मावशी, तुम्ही जोरात धरलं नव्हतं. अंगठा कच्चाच निघाला होता. मला दिसलं होतं. मी वरून रंग लावून दिला."

भिवराबाई पुन्हा खाली बसल्या. "आन् म्या आले तवा?"

"तेव्हाही माहीत होतं."

"तवा कावून न्हाई बोललीस?"

"भ्याले," एवढंच ती म्हणाली.

"पंदरा दिस झाले," भिवराबाई म्हणाल्या. "पोरगी आतून आज्जी आज्जी करती. म्या जात न्हाई. म्हनलं, माजाच हात वंगाळ." मग घराकडे तोंड करून त्यांनी हाक मारली, "मनिषा! भाईर ये. हिला काय सांगायचंय ते आईक."

सून दारात आली. वनमालाने तिच्यापुढे सगळं पुन्हा सांगितलं. गोंद, रंग, सगळं.

मनिषा आत गेली आणि लेकीला, शिवकन्येला, कडेवर घेऊन आली. पोरीच्या पायाला पांढरी पट्टी होती. मनिषाने तिला सासूच्या मांडीवर ठेवलं, आणि "आत्या, वाइच धरा हिला," म्हणून पुन्हा आत वळली. आत गेल्यावर तिच्या रडण्याचा आवाज आला.

भिवराबाईंनी पेटीकडे पाहिलंही नाही. डाव्या हातानं नातीला पोटाशी धरलं, आणि उजवा, बोटं नसलेला पंजा हलकेच तिच्या केसांवरून फिरवत राहिल्या.

वनमाला ओसरीच्या पायरीशी उभी होती. कुणी तिला बस म्हटलं नाही. परतीच्या गाडीची वेळ होईपर्यंत ती तशीच उभी राहिली.