दोरी कोणी ओढली?

डेपोत त्या ड्रायव्हरला सगळे ‘वारा’ म्हणत आणि त्याला त्याचा अभिमान होता. मागे घंटी दोनदा वाजली की याने अ‍ॅक्सिलरेटर दाबलाच. कोण चढतंय, कोण उतरतंय, हे बाजूच्या आरशात बघणं त्याला कमीपणाचं वाटे. प्रवासीही त्याच्यावर बेहद्द खूश. वाऱ्याची गाडी मिळावी म्हणून माणसं आधीची गाडी सोडून द्यायची. लवकर पोचवणाऱ्याला सगळे गुन्हे माफ, ही आपली सगळ्यांचीच खोड.

कंडक्टरबाईने मात्र त्याच्याच गाडीवरची ड्यूटी मुद्दाम मागून घेतली होती. तिचे वडील कंडक्टर होते, याच ड्रायव्हरबरोबर. एकदा एक म्हातारे गृहस्थ मागच्या दाराने उतरत असताना कुणा उतावळ्याने परस्पर घंटीची दोरी ओढली, दोनदा. गाडी सुटली. म्हातारे रस्त्यावर आपटले आणि पुन्हा धड चालले नाहीत. चौकशीत वडील घसा कोरडा पडेपर्यंत सांगत राहिले की दोरी मी ओढलीच नाही. भरल्या गाडीतला एकही जण साक्षीला आला नाही. ड्रायव्हर एवढंच म्हणाला, “मला डबल घंटी मिळाली, मी गाडी काढली. दोरी कोण ओढतं ते माझ्या सीटवरून दिसत नाही.”

वडिलांची नोकरी गेली. त्यानंतर ते कधी बसमध्ये चढले नाहीत. दवाखान्यातसुद्धा चालत जात आणि समोरून डेपोतलं कुणी आलं की रस्ता ओलांडत. लेकीने हे बघितलं होतं.

गाडीवर आल्यावर पहिल्याच आठवड्यात, गाडी रिकामी असताना, ती ड्रायव्हरच्या सीटवर जाऊन बसली आणि वर बघितलं. डोक्यावरच्या आरशात दोरी या टोकापासून त्या टोकापर्यंत लख्ख दिसत होती. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण डेपोतल्या साहेबांना सांगून उपयोग नव्हता. तेव्हा आरसा वेगळा लावलेला होता, असं म्हणून हा मोकळा झाला असता. हे त्याच्याच तोंडून यायला हवं होतं.

वर तो चहा पिताना गोड बोलायचा. “तुझे बाबा देवमाणूस होते गं. फक्त घंटीची जरा घाई करायचे.”

“हो का,” ती म्हणायची आणि चहाचा घोट गिळायची.

मग तिने प्रवाशांना लाडावून ठेवायला सुरुवात केली. दुसरा कुठलाही कंडक्टर दोरीला हात लावणाऱ्याच्या अंगावर खेकसला असता. ही खिडकीबाहेर बघे. कुणी “ताई, मारू का डबल?” विचारलं, तर हसून मान फिरवे. हळूहळू विचारणंही बंद झालं, लोक परस्पर ओढू लागले. यात सगळ्यात पुढे रोजचा एक निळा शर्टवाला. त्याचा हात तर चढल्यापासून दोरीवरच असायचा. ड्रायव्हरची बायको रोज दुपारी शिवणकाम आटोपून बाजाराच्या स्टॉपवर याच गाडीत चढे. गुडघेदुखीमुळे तिला पायरी चढायला वेळ लागे. हेही कंडक्टरबाईला ठाऊक होतं. त्या क्षणी आपण काय करू, हे मात्र तिने स्वतःला कधी विचारलं नाही. विचारलं असतं, तर उत्तर बरं आलं नसतं.

तो दिवस उजाडलाच. बाजाराला गर्दी होती. बायकोचा एक पाय पायरीवर, एक रस्त्यावर, हातात कापडाची जड पिशवी. आतून आवाज सुरू झाले. “चला हो, किती वेळ?” निळ्या शर्टाने दोरी ओढली, टण् टण्, आणि वारा निघाला.

बाई मागे कोलमडली. कंडक्टरबाईचे दोन्ही हात आपसूक पुढे गेले. तिने बाईचं मनगट धरलं, ओढत आत घेतलं आणि जीव तोडून ओरडली. गाडी थांबेपर्यंत बाईचा गुडघा पायरीवर फुटला होता. आपल्या हातांचा तिला नंतरही कितीतरी दिवस राग येत राहिला.

ड्रायव्हर धावत मागे आला. बायकोचं रक्त बघून त्याचा चेहरा उतरला, मग तापला.

“अक्कल आहे का तुला? डबल कशाला मारलीस?” तो सवयीप्रमाणे कंडक्टरबाईवरच कडाडला.

“तिनं नाही मारली,” बायको कण्हत म्हणाली. “तिनं तर मला धरलं.”

“मग कोणी मारली?” कंडक्टरबाईने सगळ्या गाडीला विचारलं. कुणी चपलांकडे बघू लागलं, कुणी मोबाईलकडे. अशीच गाडी त्या दिवशीही गप्प बसली असणार.

ड्रायव्हरला राहवेना. त्याने निळ्या शर्टाची कॉलर धरली. “हा. हाच. मी बघितलंय याला ओढताना.”

“कुठून बघितलं?”

“आरशात. दुसरं कुठून बघणार?”

बोलला आणि थांबला. कॉलरवरची त्याची मूठ सैल झाली.

“म्हणजे दिसतं,” कंडक्टरबाई हळूच म्हणाली. “मग त्या दिवशी कोण होतं? ते म्हातारे पडले तेव्हा?”

बायकोने नवऱ्याकडे बघितलं. ती घटना तिला माहीत होती. कंडक्टरची चूक म्हणून घरात कितीदा सांगून झालं होतं. “बोला ना,” ती म्हणाली. “कोण होतं?”

“छत्रीवाला एक होता,” तो शेवटी म्हणाला. “तुझे बाबा पुढे तिकिटं देत होते. मला दिसलं, तरी मी गाडी काढली.”

“हेच डेपोत बोलायचं. साहेबांसमोर.”

“माझी नोकरी जाईल गं पोरी.”

“बाबांचीही गेली.”

त्याने बायकोकडे आधारासाठी बघितलं. तिने पिशवी उचलून मांडीवर घेतली आणि तोंड फिरवलं. तो डोळे पुसत आपल्या सीटकडे गेला. कंडक्टरबाईला त्याची जराही कीव आली नाही.

“माझा स्टॉप पुढचाच आहे,” निळा शर्टवाला कुरकुरला. “मला उशीर होतोय.”

“तुम्हीपण डेपोत चला. साक्षीला एक माणूस हवाच,” ती म्हणाली आणि दोनदा दोरी ओढली.