बाकड्यावर जळणारी आरामखुर्ची

मी एक जुनी आरामखुर्ची आहे मित्रांनो, आणि आज मी तुम्हाला माझ्या सवतीची गोष्ट सांगणार आहे. हो, खुर्चीलाही सवत असते! माझी सवत म्हणजे शिंप्याच्या दुकानाबाहेरचं एक बाकडं. ना पॉलिश, ना पाठ टेकायला आधार. असल्या ध्यानावर मी जळते हे सांगायचीही लाज वाटते, पण खोटं कशाला बोलू?

माझा जन्म एका सुताराच्या हातून झाला. सागवानी चौकट, लांबरुंद हात आणि मध्ये झोळीसारखं जाड कापड. आमचे आजोबा बसमध्ये कंडक्टर होते. सगळे त्यांना मास्तर म्हणत. उभ्या जन्मात ते उभेच होते म्हणा ना! निवृत्त झाले त्या दिवशी आजीने मला त्यांच्यापुढे उलगडलं आणि म्हणाली, "घ्या मास्तर, तुमची सीट रिझर्व्ह!" त्यांनी पाठ टेकली, असा काही सुस्कारा सोडला, की मी त्यांची झाले ती झालेच. पण तेव्हा ते माझ्यात फार वेळ टिकत नसत. आजी स्वयंपाकघरातून टोमणा मारायची आणि हे तो परतवायला लगेच उठायचे. मला तेव्हा तिचाही हेवा वाटायचा.

मग आजी गेली. घर गप्प झालं आणि आजोबा दिवसभर माझे झाले.

मुलाने टीव्ही माझ्यासमोर आणून ठेवला. सुनेने ताट माझ्या हातावर आणून द्यायला सुरुवात केली. पाण्यासाठी ते जरा हलले, की ती धावत यायची, "बाबा, तुम्ही उठू नका हो, मी आहे ना!" मुलगा शेजाऱ्यांना अभिमानाने सांगायचा, "बाबांना आम्ही इकडची काडी तिकडे करू देत नाही." सगळ्यांची माया अगदी खरी होती. मला तर स्वर्ग दोन बोटं उरला होता!

पण एक गोष्ट मला खटकू लागली. आजोबा हलके होत चालले होते. माणसाचं वजन खुर्चीइतकं कुणाला कळणार? टीव्ही चालू असायचा आणि नजर भिंतीवर. जेवण अर्धं ताटातच. कुणी काही विचारलं तर नुसतं "हं."

डॉक्टरबाई घरी येऊन तपासून गेल्या. दाराशी थांबून मुलाला हळूच म्हणाल्या, "रिपोर्ट ठीक आहेत. पण त्यांना सकाळी उठावंसंच वाटत नाही. या वयात मन विझलं, की शरीरही फार तग धरत नाही. औषधं चालू ठेवा, पण त्यांना माणसांत न्या. नाहीतर पुढचं वर्ष कठीण आहे."

"माणसांतच आहेत की, आम्ही आहोत ना!" मुलगा घाबरून म्हणाला. मीही घाबरले. पण करणार काय? मला कवेत घेता येतं, ढकलता येत नाही.

आणि एके दिवशी माझं कापडच टर्रकन फाटलं! आजोबा अलगद जमिनीवर. लागलं काही नाही, पण मुलाने मला घडी करून कोपऱ्यावरच्या शिंप्याकडे नेलं. या शिंप्याला अख्खी गल्ली 'उद्याकाका' म्हणते. काहीही शिवायला द्या, कधीही विचारा, उत्तर एकच: "उद्या या!"

घरी बसायला मी नव्हते, म्हणून दुसऱ्या दिवशी आजोबा स्वतः काठी टेकत आले. "खुर्ची झाली?" मी हरखले. माझ्यासाठी आले होते हो!

"उद्या या मास्तर," उद्याकाका दाताने दोरा तोडत म्हणाले. "आता आलाच आहात तर टेका जरा."

बाहेर बाकड्यावर एक म्हातारा पोस्टमन आणि एक गलेलठ्ठ बेकरीवाला ऐसपैस बसले होते. आजोबांनी क्षणभर पाहिलं, आणि अचानक त्यांच्या पोटातून खणखणीत आवाज निघाला, "पुढे सरका! पुढे जागा आहे!"

बेकरीवाला दचकून सरकला आणि पोस्टमन पडता पडता वाचला. "अहो मास्तर, पुढे जागा नाही, गटार आहे!"

आजोबा हसले. खो खो हसले! माझ्यात बसून ते असे कधी हसले होते? मी जळून नुसती कोळसा झाले.

मग ते रोजच येऊ लागले. एकदा वैतागून म्हणाले, "तुझ्याकडे लग्नाचा कोट टाकला, तर नवरदेव म्हातारा होईल."

"टाकला होता एकाने," पोस्टमन म्हणाला. "आता त्याचा नातू घालतो."

शेवटी मी तयार झाले. नवं निळं कापड, दुहेरी शिवण, काय दिसत होते मी! आजोबांनी माझ्यावरून हात फिरवला. मला वाटलं, आता बसतील. पण त्यांनी माझी घडी घातली, मला कापडाच्या ताग्यांमागे ढकललं आणि ते उद्याकाकांच्या कानात कुजबुजले, "घरून कुणी आलं, तर सांग, उद्या."

मित्रांनो, यापेक्षा मला वाळवी लागली असती तरी चाललं असतं!

दोन दिवसांनी सून आली. ताग्यांमागचं माझं निळं टोक तिला लगेच दिसलं. उद्याकाका चाचरले, "वहिनी, ते... उद्या..." सुनेने बाहेर पाहिलं. आजोबा हातवारे करत पोस्टमनशी तावातावाने भांडत होते, तोंडात अर्धा बनपाव. ती बघतच राहिली. मग पदराने डोळे टिपून म्हणाली, "असू दे काका. सावकाश करा."

जाता जाता ती बाकड्यापाशी थांबली. "बाबा, येताना भाजी आणाल का? मला आज जमायचं नाही." जी बाई त्यांना पाण्यासाठी उठू देत नव्हती, ती! आणि आजोबा छाती फुगवून म्हणाले, "आणतो की. पिशवी दे."

आता मी घरी आले आहे. आजोबा दुपारी घटकाभर माझ्यात पडतात. काल तर माझी चौकट चक्क करकरली, इतका त्यांचा भार वाढलाय! मग घड्याळात बघतात आणि निघतात माझ्या त्या सवतीकडे. मी बसते धुमसत.

तुमच्याही घरी कुणी माझ्यासारखीच्या कुशीत दिवसभर गप्प बसून असेल, तर त्यांना आणखी उशा आणून देऊ नका. त्यांना काम सांगा, त्यांच्याशी भांडा, चार माणसांत नेऊन बसवा. त्यांची वाट बघणारं कुणीतरी दाराबाहेर असू द्या. खुर्ची जळेल, जळू द्या. लाकूडच ते!