उलट गेलेला तीन

...खिडकीतून ऊन आडवं झालं तेव्हा कुठे तो आकडा वर आला. सुईवर लोंबणारा पांढऱ्या सुती दोऱ्याचा चौकोन, त्यावर पांढऱ्यानंच विणलेला आकडा – समोरून बघितलं तर काहीच नाही, कडेनं बघितलं तर उलट टाक्यांचे उंचवटे – आणि तिच्या लक्षात आलं, आपण भलतंच काहीतरी करून बसलोय. विणायला घेतला होता तीन. हा तीन नव्हता. पोटं उजवीकडे हवीत ती डावीकडे, शेपूटही भलत्याच बाजूला. वरची चार बोटं साधी पट्टी काय ती राहिली होती.

चूक अगदी नवशिक्याची. आलेखाच्या कागदावरचं चित्र सुलट ओळीला उजवीकडून वाचायचं आणि उलट ओळीला डावीकडून, कारण सुया तशा चालतात. हे तिला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी तिनं सांगितलं असतं. पण आज सकाळी ती पुस्तक वाचावं तशी डावीकडून सुरू झाली आणि शेवटपर्यंत प्रत्येक ओळ उलट्याच बाजूनं वाचत गेली. डोकं ठिकाणावर असेल तर ना! डोकं गेलं होतं तिकडे, दवाखान्याच्या त्या बाकावर, जिथे तिची लेक तपासणीसाठी जावयाबरोबर नंबर लावून बसली असेल... किंवा आत गेलीही असेल... थंडगार जेल लावतात पोटावर, आणि मग डॉक्टरीणबाई पडद्याकडे बघत गप्प होतात, त्या गप्प झाल्या की –

नको. आकड्याचं बघ आधी.

कागद नवऱ्यानं काढून दिला होता. जन्मभर नकाशे काढणारा माणूस, निवृत्त झाला तरी पट्टी-पेन्सिल सुटत नाही. एक ते नऊ, प्रत्येक आकडा चौकटी मोजून, रेखीव. ''भांड्यांना उजळणी शिकवणार आहेस की काय?'' एवढंच त्यानं विचारलं होतं, आणि तिनं ''तुम्हाला काय करायचंय?'' म्हणून उडवून लावलं होतं. त्याला कळलं नसेल असं थोडंच आहे! आत्ताही तो बाल्कनीत कुंड्यांना पाणी घालत होता. सकाळपासून तिसऱ्यांदा. त्या झाडांचा जीव गुदमरला असेल.

फडकीच होती ती. भांडी पुसायची फडकी. घरात माणसं दोन, भांडी मोजकी, आणि फडक्यांचा नुसता ढीग. आधी साधी झाली, मग चौकटीची, मग आकड्यांची. फडकं म्हणजे काही बाळ... म्हणजे तसलं काही नव्हे. फडक्यावर आकडा आला म्हणून ते त्याचं होत नाही. उद्या कुणी त्या उंचवट्यांवरून बोट फिरवत एक, दोन म्हणायला लागलं, तर – पण हा विचार ती इथेच तोडत असे, दोरा तोडावा तसा, कारण तिनं शब्द दिला होता.

गेल्या खेपेला तिनं साऱ्या गावाला सांगितलं होतं. पिवळा स्वेटर घातला होता विणायला, तळहाताएवढा, एक बाही राहिली होती... आणि पाचव्या महिन्यात सगळं संपलं. मग एका दुपारी ठकी आली – ठकी म्हणजे लेकच, लहानपणी लाकडी बाहुलीसारखी ताठ बसायची म्हणून ठकी – तशीच ताठ त्या खुर्चीत बसली, कपाटातून स्वेटर काढला, टोक शोधलं आणि उसवायला लागली. सरर... सरर... ओळ न् ओळ. एक अश्रू नाही. नीट गुंडा केला, आईच्या मांडीवर ठेवला आणि म्हणाली, ''आई, पुन्हा कधी काही असलं ना, तर आधीपासून काही विणू नकोस. शपथ घे माझी.'' घेतली शपथ. पण खरं सांगायचं तर तेव्हा तिला लेकीचा रागच आला होता. माझ्या हातचं होतं गं ते, मला नसतं का उसवता आलं? आणि रागामागोमाग इतकी लाज वाटली की रात्री जेवण गेलं नाही.

या खेपेला फोनवर ''आई, आहे. कुणाला बोलू नकोस,'' एवढंच. ''बरं,'' म्हणाली ती. त्यावर एक प्रश्न विचारला नाही. जीभ आवरली, पण हातांना कोण आवरणार?

आता हा आकडा उसवायला हवा. सुई काढायची आणि ओढायचं, दोन मिनिटांचं काम. तिनं सुईला हात घातला आणि तो आवाज आधीच कानात आला, सरर... नाही जमत मला. आज तर नाहीच नाही.

बेल वाजली.

नवऱ्यानंच दार उघडलं. ठकी आत आली, चपला काढल्या, खुर्चीत बसली. तीच खुर्ची. चेहऱ्यावरून काही म्हणजे काही कळेना. ''हे गाडी लावताहेत,'' म्हणाली. मग, ''पाणी दे गं.''

पाणी दिलं. ती अर्धं प्याली.

''ठीक आहे म्हणाल्या. आत्तापर्यंत ठीक आहे.''

'ठीक' धरावं की 'आत्तापर्यंत', आईला कळेना. ती ओट्याला टेकून उभी राहिली. बाप ''अरे वा, अरे वा,'' म्हणत रिकामी झारी घेऊन पुन्हा बाल्कनीत गेला.

टेबलावर पाणी सांडलं होतं. ठकीनं हाताशी आलेलं फडकं उचललं, पुसायला लागली आणि थांबली. ओल्या फडक्यावर तिचं बोट हळूहळू फिरलं – वरून गोल, खाली शेपटापर्यंत. मग दुसरं घेतलं. मग सुईवरचं, आणि ते तिनं खिडकीकडे तिरकं धरलं. संपलं, आईला वाटलं. आता ही टोक शोधणार.

''एक, दोन...'' ठकी म्हणाली, ''आणि एकदम सहा?''

''तीनच आहे गं तो! उलट विणला गेला, मेलं लक्षच नव्हतं. थांब, उसवते –''

ठकीनं सुईवर हात ठेवला. घट्ट.

''उसवू नकोस.''

बाल्कनीतून आवाज आला, ''कागद मी बरोबर काढला होता हं!''

''सहाच आहे तो. राहू दे. मधले नंतर कर सावकाश,'' ठकी म्हणाली. आईकडे न बघताच म्हणाली. ''भांडी पुसायचीच आहेत ना फडकी?''

''भांडी पुसायचीच. दुसरं काय!''

''बरं.''

आणि तिनं एकाचं ओलं फडकं घडी करून पर्समध्ये टाकलं.

आई सुया घेऊन बसली. वरची पट्टी पुरी करायची होती. चौथा महिना लागलाय, मधे पाचवा आहे, तो कुणी गाळू शकत नाही. तीन, चार, पाच विणायचेच आहेत, आणि या वेळी उजवीकडून, नीट. भीती होती तिथेच होती, केसाएवढीही हलली नव्हती. फक्त आता ती एकटीची नव्हती. डोळे इतके भरून आले की टाके दिसेनात, म्हणून ती बोटांनीच चाचपत राहिली. बाळ, ती मनात म्हणाली. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच तिनं तो शब्द पुरता म्हटला, आणि मग घाबरून ओळ पुन्हा पहिल्या टाक्यापासून मोजायला घेतली.