पॉलिसीवरची दोन नावं

ग्लेनिस प्रोथेरोच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं, तेव्हा तिला स्वतःच्या पायापेक्षा नवऱ्याचीच काळजी लागली. इडवालला आठवड्यातून तीनदा डायलिसिसला न्यावं लागे. दवाखाना मर्थरला, वाट डोंगरावरून. चौदा महिने तीच त्याला नेत होती, आणत होती. आता मुलगी नेरिस ब्रिस्टलहून येऊन गाडी चालवणार होती. विम्यात नाव नसलेल्याने गाडी चालवणं तिथे गुन्हा. तिचं नाव विम्यात घालावं, म्हणून ग्लेनिसने नाश्ता झाल्यावर कंपनीला फोन लावला.

पॉलिसी इडवालची, म्हणून आधी त्याचा होकार लागला. स्पीकर लावून फोन टेबलावर ठेवलेला. "बोला तिच्याशी," तो म्हणाला, आणि मग एकदम, "राहू दे ग्लेनिस, नंतर बघतो मी."

"नंतर कशाला? लागलाय ना फोन."

पलीकडची पोरगी गोड बोलत होती. "सध्या या गाडीवर दोन ड्रायव्हर आहेत, मॅडम. मिस्टर इडवाल आणि मिस्टर एम्रिस प्रोथेरो. मुलीचं तिसरं नाव घालू?"

एम्रिस म्हणजे धाकटा दीर. वर्षातून दोनदा मासे धरायला जाताना गाडी मागून न्यायचा.

"आणि मी?"

"आपलं नाव होतं. दोन वर्षांपूर्वी काढलंय. नोंद आहे इथे, पत्नी आता गाडी चालवत नाहीत."

ग्लेनिसने फोन बंद केला. इडवाल कपात बघत होता.

"बाजाराच्या पार्किंगमध्ये तू खांबाला गाडी घासलीस," तो म्हणाला. "तुझ्यापायी हप्ता वाढला असता. तेव्हा मीच चालवत होतो ना सगळीकडे!"

"आणि डायलिसिस सुरू झाल्यावर?"

"तेव्हा सांगितलं असतं, तर आधी का काढलं म्हणून डोकं खाल्लं असतंस."

"एम्रिसचं नाव बरं राहिलं!"

"त्याने कधी काही ठोकलं नाही."

ती उठून उभी राहिली. "फेब्रुवारीत बर्फावर गाडी घसरली, शाळेच्या फाटकापाशी. पोरं सुटायची वेळ होती. कुणाला लागलं असतं तर कोर्टात मी उभी राहिले असते, इडवाल. तू शेजारीच बसला होतास. आठवतंय काय म्हणालास? सावकाश, ग्लेनिस."

"झालं का काही? नाही ना? मग कशाला उकरतेस?"

त्याला खरोखरच कळत नव्हतं. तेच तिला जास्त झोंबलं.

तिने गाडीची किल्ली त्याच्या कपाशेजारी ठेवली आणि दवाखान्याला फोन करून रुग्णांची ने-आण करणारी त्यांची गाडी लावून घेतली. संध्याकाळी नेरिसचा फोन आला. बापाने आधीच तिचे कान भरले होते.

"आई, एका कागदासाठी आजारी माणसावर राग काढतेस? तुझं नाव घालून टाकू, संपलं."

"त्याच्या लेखी मी कोण, ते त्या कागदावर दोन वर्षं लिहिलेलं होतं बाई."

"काहीतरीच बोलतेस."

ऑपरेशन झालं. नेरिस आली, दोन आठवडे दवाखान्याच्या गाडीऐवजी तिनेच बापाची ने-आण केली, आईशी बेतानेच बोलली आणि गेली. गुडघा बरा झाला, डॉक्टरांनी गाडी चालवायला परवानगी दिली. मधल्या काळात इडवालने फोन करून नेरिसबरोबर बायकोचं नावही घालून घेतलं होतं. नवा कागद त्याने तिच्या ताटाजवळ आणून ठेवला.

"घे. आता तरी झालं ना समाधान?"

तिने तो वाचला, घडी करून खणात टाकला. "दवाखान्याची गाडी सकाळी साडेसहाला येईल," ती म्हणाली.

दवाखान्याची गाडी वाटेत आणखी चार जणांना घेत जाई, आणि तशीच सोडत येई. पूर्वी दीडला घरी पोचणारा इडवाल आता तीन वाजता यायचा, चेहरा राखेसारखा. त्या मंगळवारी ग्लेनिस खिडकीशी उभी होती. ड्रायव्हरने त्याचा दंड धरून त्याला पायरीवरून उतरवलं. हे बघून बरं वाटेल, असं तिला वाटलं होतं. वाटलं नाही. पण त्याला पुढच्या खेपेपासून आपण नेऊ, असंही काही केल्या मनात येईना. ती आत गेली आणि त्याचं जेवण गरम करायला ठेवलं.