गाडीतल्या पोरीचा आवाज

मकबूल सौदीतल्या दम्मामहून पहिल्यांदा सुट्टीवर आला तेव्हा त्यानं रंगीत टीव्ही आणला, व्हीसीआर आणला आणि एकच कॅसेट आणली. कामगारांच्या कॅम्पातल्या एका सोबत्यानं तिथल्या टीव्हीवरून ती उतरवून दिली होती. सुट्टी संपली तसा तो परत गेला. अहमदपुरात अँटेना कितीही फिरवली तरी पडद्यावर मुंग्याच दिसायच्या. शेवटी त्याच्या बायकोनं, आबेदानं, ती कॅसेट लावली.

त्यात मोटारींच्या शर्यतीचं कार्टून होतं. चित्रं जपानची आणि बोलणं अमेरिकेचं, एवढं मकबूल सांगून गेला होता. जपानी लोकांनी काढलं आणि अमेरिकेतल्या लोकांना कळावं म्हणून त्यावर इंग्रजी चढवलं. एक तरणा पोरगा पांढऱ्या गाडीत बसून डोंगर, वाळवंट, तुटके पूल सगळं पालथं घालायचा. त्याच्या शेजारी कधीकधी एक पोरगी असायची. तोंडं जपानी हलायची म्हणून इंग्रजी वाक्यं घाईघाईनं त्यात कोंबलेली असायची. तरी कधी वाक्य संपायचं आणि तोंड हलतच राहायचं.

आबेदाला इंग्रजी येत नव्हतं. पण ती कॅसेट मकबूलच्या हातची होती. दुपारी घरकाम आटोपलं, लाइट असली, की ती आणि सहा वर्षांची फरीदा ते बघत बसायच्या.

त्या साली पाऊस दुसऱ्यांदा दगा देऊन गेला होता. गल्लीतला बोअर मार्गशीर्षातच कोरडा पडला. टँकर दुपारी यायचा, पण कधी ते ड्रायव्हरलाच ठाऊक. बायका हंडे ओळीनं लावायच्या आणि सावली म्हणून आबेदाच्या ओसरीवर टेकायच्या. दार उघडंच असायचं. आधी एक आत डोकावली, मग दोघी, मग सगळ्याच.

"भाभी, काय म्हणून राहिला तो?" शेजारच्या महादेवीनं विचारलं.

पडद्यावर पोरगा तोंड वासून ओरडत होता. आबेदानं पापणीही न लववता सांगितलं, "म्हणून राहिला, ब्रेक लागंना गेला, सरका बाजूला! पाटे तुटले!"

बायका हसून लोटपोट झाल्या. त्या दिवसापासून आबेदा त्या पोराचा आवाज झाली. टीव्हीचा आवाज ती पार बारीक करायची आणि आपण बोलायची. परदेशी जायच्या आधी मकबूल गावात गॅरेज चालवायचा, तिथं ऐकलेलं सगळं त्या पोराच्या तोंडी यायचं. क्लच घसरायचा, रेडिएटर उकळायचं, पंपाचा मालक उधारीवर पेट्रोल देईनासा व्हायचा. तेच ते कार्टून रोज लागायचं आणि रोज त्याची गोष्ट वेगळी असायची.

पोरीचा आवाज मात्र महादेवीचा. ते कसं सुरू झालं कुणाला आठवत नाही. आबेदाला एकदा ठसका लागला आणि महादेवी मधेच बोलून गेली, एवढंच. मग ते कामच तिच्याकडं आलं.

महादेवी ही ईश्वरप्पांच्या किराणा दुकानातली सून. माहेर उदगीरच्या पलीकडं, कर्नाटकच्या सीमेला लागून. सासरीही घरात कानडीच बोलायचे. लातूर वेगळा जिल्हा झाला, नवी ऑफिसं निघाली, त्यातल्या एका ऑफिसात तिच्या नवऱ्याला, गुरुबसप्पाला, नोकरी लागली. अख्ख्या गल्लीनं पेढे खाल्ले. खोली मिळाली की नेतो, असं सांगून तो गेला. सणाला यायचा. पाहुण्यासारखा पाटावर बसायचा, जेवण छान झालं म्हणायचा आणि पहिल्या गाडीनं जायचा. खोलीचा विषय निघाला की म्हणायचा, "लातुरात पाण्याचे हाल हायत. तू तिथं काय करशील?" जणू अहमदपुरात नदी वाहत होती.

महादेवी कुणापुढं रडली नाही. सासू शिवम्मा कडक होती. तिच्यापुढं तर नाहीच. पण टीव्हीपुढं बसली की तिला बोलणं सुचायचं.

"एवढ्या जोरात कुठं चाललास?" पडद्यावरची पोरगी विचारायची.

"शर्यत हाय," आबेदा जाड आवाजात म्हणायची.

"जिंकून काय मिळणार?"

"पुढची शर्यत."

बायका हसायच्या. त्या दोघींना मात्र त्या हसण्याच्या खाली दुसरं काहीतरी ऐकू यायचं. आबेदाला रात्रंदिवस एकच वाटायचं, मकबूल आता काय करत असेल. वाळूत आडवा होऊन कुणाच्या गाडीखाली शिरत असेल. तिथं ऊन कसं असेल. पोराचा आवाज काढताना तिला मकबूलचा घोगरेपणा जमून जायचा आणि स्वतःच्याच गळ्यातून तो ऐकून तिच्या अंगावर काटा यायचा.

फाल्गुनात एकदा टँकर फारच लांबला. ओसरी गच्च भरली होती. शिवम्मासुद्धा आत येऊन खांबाला टेकली होती. एरवी ती या पोरकटपणाकडं बघायची नाही. पडद्यावर पोरगा गाडीत बसला आणि पोरगी खाली उभी राहून काही बोलू लागली. महादेवीची पाळी आली.

ती काहीच बोलेना. पोरीचं तोंड हलत होतं. मग महादेवी कानडीत म्हणाली, "होगबेड."

पुन्हा म्हणाली, "होगबेड. नन्नू करकोंड होगु."

बायकांना शब्द कळले नाहीत, पण कुणी हसलं नाही. गाडी धूळ उडवत निघून गेली. महादेवी पदर तोंडाशी धरून उठली आणि मागच्या दारानं घरी गेली.

कानडी समजणारी तिथं एकच होती. शिवम्मा बराच वेळ खांबाला टेकून राहिली. टँकर आला, बायका धावल्या, तरी ती उठली नाही.

"काकू, काय म्हणाली ती?" आबेदानं हळूच विचारलं.

"जाऊ नको म्हणली," शिवम्मा म्हणाली. "मला पण घेऊन चल म्हणली." मग तिनं विचारलं, "ह्या सिनेमात असं हाय का गं?"

"न्हाई काकू. सिनेमात काय हाय ते आपल्याला कुठं कळतंय?"

दुसऱ्या दिवशी सकाळी शिवम्मानं नवऱ्याला दुकान उघडू दिलं नाही. "आधी सुनेला लातूरला पोचवून या," ती म्हणाली.

ईश्वरप्पा चाचरले. "त्याला कळवलं न्हाई. खोली लहान हाय म्हणतो."

"आपलं लग्न झालं तवा आपली खोली केवढी होती?"

महादेवी पत्र्याची पेटी घेऊन एसटीत चढली. आबेदाचा हात तिनं खिडकीतून इतका घट्ट धरला की बांगडी वाढली. दोघींना बोलायला काहीच सुचलं नाही. टीव्हीपुढं एवढं बोलणाऱ्या दोघी.

गुरुबसप्पा आधी रागावला, मग गप्प झाला, मग एका रविवारी त्यानं दुसरी खोली बघितली. हे सगळं ईश्वरप्पांनी दुकानात सांगितलं. महादेवी लातुरात रांगेत उभी राहूनच पाणी भरत होती. पण भरत होती आपल्या घरात.

आबेदाच्या ओसरीवर बायका येतच राहिल्या. दुसऱ्या कुणी पोरीचा आवाज काढून बघितला, पण जमला नाही. मग आबेदा सांगू लागली, "आज ती रुसलीय. बोलत न्हाई." पोरीचं तोंड हलायचं आणि ओसरीवर शांतता असायची. फरीदा म्हणायची, "अम्मी, तूच बोल की." आबेदाला ते होत नव्हतं. पोराचं तिला बोलता यायचं. पोरीनं काय म्हणावं, हे तिनं कधी स्वतःला विचारलंच नव्हतं.

वैशाखात मकबूल आला. वाळला होता, कानशिलं पांढरी झाली होती. त्याला आता कामापुरतं इंग्रजी कळत होतं. दुपारी बायका जमल्या तसा तो कौतुकानं मागं येऊन बसला, आणि थोड्याच वेळात हसू लागला.

"अगं, असं न्हाई हे. तो म्हणतोय, तेल गळतंय. तू काय सांगून राहिलीस?"

बायकांनी आबेदाकडं बघितलं. ती कानापर्यंत लाल झाली. तरी तिनं विचारलं, "आणि ती? ती काय म्हणते?"

मकबूलनं कान देऊन ऐकलं. "ती म्हणते, जपून जा."

"इतकंच?"

"इतकंच."

त्या संध्याकाळी आबेदा भाकरी थापताना एकदम म्हणाली, "नांदेडपर्यंत येते मी या वेळी. तुम्हाला सोडायला."

बायकांनी दारातूनच निरोप द्यायचा, अशी त्यांच्या घरची रीत. मकबूलनं तिच्याकडं बघितलं आणि हो म्हणाला.

सुट्टी संपली त्या दिवशी नांदेडच्या फलाटावर गर्दी होती. मुदखेडकडून गाडी आली. मकबूलनं सामान आत ठेवलं, फरीदाचा मुका घेतला आणि पायरीवर उभा राहिला.

"जाऊ नका," आबेदा म्हणाली.

तिनं कुणाचाच आवाज काढला नव्हता. आपलाच आवाज, बारीक, जरा फाटलेला.

मकबूल गडबडला. "आता तिकीट झालंय. व्हिसा हाय. दुष्काळात हितं कोण गाडी दुरुस्त करून घेणार?"

"माहीत हाय मला. जा तुम्ही. पण मी म्हणले, हे तुम्हाला माहीत असू द्या."

त्यानं तिचा हात धरला. चार माणसांत त्यानं असं कधी केलं नव्हतं. त्याला काहीतरी बोलायचं होतं. ओठ हलले, पण शिट्टी झाली आणि तिला काही ऐकू आलं नाही. गाडी हलली. फरीदा रुमाल हलवत राहिली.

परतीच्या एसटीत खिडकीशी एक म्हातारी बसली होती. लोहा गाव मागं पडलं. दोन्ही बाजूंना काळी रानं भेगाळून पडली होती. म्हातारीनं विचारलं, "कोण गेलं?"

"माझा माणूस. परदेशात."

"कधी येतो म्हणला?"

"न्हाई विचारलं, आज्जी. दर वेळी विचारते. आज सांगितलं."

म्हातारीला ते कळलं की नाही कोण जाणे. तिनं ओच्यातून फुटाणे काढले आणि थोडे फरीदाच्या, थोडे आबेदाच्या हातावर ठेवले. आबेदा सकाळपासून उपाशी होती. बाहेर बघत तिनं ते सगळे खाल्ले आणि आणखी मागितले.